अडकलेल्या माणसाचं बोलणं

बाबांशी माझी अट होती: वर्गात आपण एकमेकांचे कोणी नाही. घरातून मी पाच मिनिटं आधी निघणार, मागून ते. तिसऱ्या मजल्यापर्यंत चढताना त्यांचे गुडघे कुरकुरतात, म्हणून ते उशिरा पोचायचे आणि शेवटच्या टेबलावर बसायचे. मी पहिल्या टेबलावर. मध्ये सहा टेबलं आणि एक हाडांचा सापळा.

वर्ग म्हणजे एका शाळेची प्रयोगशाळा. रविवारी शाळा रिकामी असते, त्यामुळे दहा ते एक ती आम्हाला मिळायची. आम्ही म्हणजे शाळा अर्धवट सुटलेली माणसं. ट्रक चालवणारे ड्रायव्हरकाका, बेकरीत कामाला असलेल्या दोघी बहिणी, एक वॉचमन, आणखी पाचसहा जण. सगळ्यांना बाहेरून दहावी द्यायची होती. सगळ्यात लहान मी, सतरा वर्षांची. लाँड्रीत आलेल्या कपड्यांवरचे डाग शोधून त्यांच्याभोवती खडूने गोल काढायचा, हे माझं काम. वर्गात मला तडतडी म्हणायचे. बाबांना लिफ्टकाका, कारण ते लिफ्ट दुरुस्त करतात.

बाबांना दहावी हवी होती ती गुडघ्यांसाठी. लिफ्टच्या खालच्या खड्ड्यात उतरायचं, वर छतावर चढायचं, हे आता त्यांना जमत नाही. कंपनीत खुर्चीवर बसून फोन घ्यायचं आणि कुठला माणूस कुठे पाठवायचा ते ठरवायचं एक काम आहे. पण त्याला दहावी लागते. मला काही नको होती दहावी. ते दोन फॉर्म घेऊन आले आणि म्हणाले, "एकट्याला लाज वाटते गं. सोबत चल."

"मी काय तुमची अंगरक्षक आहे?"

"हो," ते म्हणाले.

मी फॉर्मवर सही केली.

मराठीच्या बाई निवृत्त झालेल्या होत्या, पण त्यांच्या जिभेला कोणी ते सांगितलेलं नव्हतं. त्यांनी आम्हाला एकच निबंध दोन महिने घोटायला लावला: मला लक्षात राहिलेलं एक वाक्य. कोणीतरी आपल्याला म्हणालेलं. पुस्तकातलं नको, कॅलेंडरवरचं तर अजिबात नको.

"अवतरण म्हणजे घरी आलेला पाहुणा," बाई म्हणायच्या. "कोण, कुठून आला, ओळख करून द्या. आत बसवा, विचारपूस करा. त्याला दारात उभा करून तुम्ही पुढच्या परिच्छेदात पळता, ही काय रीत झाली?"

आणि निबंध तपासायचे आम्हीच, एकमेकांचे. वर नाव नाही, फक्त आकडा. सोबत एक पिवळी चिठ्ठी, तिच्यावर चार प्रश्न. वाक्य कोण बोललं, कधी, कोणाला? शब्द जसेच्या तसे आहेत का? त्या वाक्याबद्दल लिहिणारा स्वतः काय म्हणतो? आणि काय सुटलंय? खाली तपासणाऱ्याची सही. सही नसेल तर निबंध फाइलीत जात नाही, आणि फाइल नसेल तर परीक्षेला बसता येत नाही. निबंध कोणाचा ते ओळखलं, तर मात्र मुकाट्याने बाईंना परत द्यायचा.

मला हे काम जमायचं. डागच शोधायचे होते ना. ड्रायव्हरकाकांच्या निबंधात (तो त्यांचा होता हे नंतर कळलं) त्यांचे गुरू त्यांना म्हणतात, ‘घाट उतरताना घाई नको.’ आणि लगेच पुढच्या ओळीत काका ढाब्यावर जेवायला बसतात. मी चिठ्ठीवर लिहिलं, ‘पाहुणा घाटात उभा आहे. तुम्ही जेवताय.’ काका खो खो हसले आणि परत लिहून आणलं, आणि खरंच बरं लिहून आणलं. त्यांच्या गुरूंचा ब्रेक त्याच घाटात गेला होता, हे त्यांनी पहिल्या वेळी सांगितलंच नव्हतं.

बाई म्हणाल्या, "नजर चांगली आहे गं तडतडे तुझी. पण काटा काढताना पाय कापू नको."

शेवटचा रविवार आला. एक वाजता फाइली बंद. बाईंनी उरलेले निबंध वाटले. माझ्यासमोर सात नंबर पडला आणि मी पहिली ओळ वाचायच्या आधीच ओळखलं.

बाबा लिहिताना आधी पट्टीने आडवी रेघ मारतात. पानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग तिच्याखाली एकेक अक्षर टांगतात, दोरीवर कपडे वाळत घातल्यासारखं. असं लिहिणारा दुसरा माणूस जगात नसेल.

परत द्यायचा होता. मी दिला नाही. वाचला.

‘माझी मुलगी चौदा वर्षांची असताना मला म्हणाली, “तुमच्यासारखी होईन.” हे ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून, संध्याकाळी सहाच्या सुमारास म्हणाली. घरात आम्ही दोघंच होतो, तिची आई ड्युटीवर होती. तोपर्यंत माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं की कोणी माझ्यासारखं होऊ शकतं. लिफ्टमध्ये आरसा असतो. तो मी रोज पुसतो, त्यात बघत नाही. त्या दिवसानंतर बघायला लागलो. कोणी आपल्यासारखं होणार असेल, तर आपण आधी होण्याजोगं व्हायला पाहिजे. दहावीच्या फॉर्मवर मी कारण लिहिलं, गुडघे. खरं कारण हे वाक्य आहे.’

माझे कान तापले. कारण मी असं म्हणालेच नव्हते.

म्हणजे म्हणाले होते. पण असं नाही.

त्याचं असं झालं होतं. आठवीत मी एक निबंध लिहिला होता, आणि मास्तरांनी त्यातलं एक वाक्य सगळ्या वर्गासमोर वाचून विचारलं, हे कुठून चोरलंस? कुठल्या पुस्तकातून? मी म्हटलं, चोरलं नाही. ते म्हणाले, या वयाची मुलगी असं लिहीत नाही. मी वही खिडकीबाहेर फेकली. दुसऱ्या दिवशी बाबांना बोलावलं. ते कामावरूनच आले, ग्रीस लागलेल्या कपड्यांत. मास्तरांनी त्यांनाही ते वाक्य वाचून दाखवलं. मला वाटलं, आता हे माझ्या बाजूने बोलतील. त्यांनी हात जोडले. म्हणाले, "चूक झाली, माफ करा." मास्तरांपुढे, शिपायापुढे, सगळ्यांपुढे.

त्या संध्याकाळी मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून जे म्हणाले, ते मला आजही पाठ आहे. ‘नाही शिकले तर जास्तीत जास्त काय होईल? तुमच्यासारखी होईन. कोणीही ओरडलं की हात जोडेन.’

आणि शाळेत परत गेले नाही.

बाबांनी पुढचं कापलं, मागचं कापलं, आणि मधला तुकडा देव्हाऱ्यात ठेवावा तसा निबंधात ठेवला. आधी मला रागच आला. वाटलं, वर्गाला दाखवायला किती गोड मुलगी बनवून टाकलं मला. मग आणखी एक गोष्ट आठवली, आणि राग कुठे ठेवावा ते कळेना.

बाबांचं एक रजिस्टर असतं. तक्रार आली की आधी ती लिहायची, सांगणाऱ्याच्याच शब्दांत, मग कारण, मग उपाय. शब्द बदलायचा नाही, हा त्यांचा धर्म. लहानपणी मी गोष्टीच्या पुस्तकासारखं ते रजिस्टर वाचायचे. ‘लिफ्ट रडते.’ ‘चौथ्या मजल्याला उचकी देते.’ ‘आत कोणीतरी शिट्टी वाजवतं.’ त्यांच्या साहेबांनी एकदा सांगितलं, ‘आवाज येतो’ एवढं लिहा की. तर बाबा म्हणाले, "तक्रार देणाऱ्या बाईंनी रडते म्हटलंय. रडण्याचा आवाज वेगळा, तारेचा असतो."

असा माणूस. तो विसरून वाक्य कापत नाही.

मी ‘शब्द जसेच्या तसे आहेत का?’ या दुसऱ्या प्रश्नापुढे लिहिलं, ‘नाही.’ इतकं दाबून, की खालच्या कागदावरही उमटलं.

बाई मागे येऊन उभ्या होत्या. "नाही कशावरून? आधार लिहायचा असतो."

"मी तिथे होते."

बाईंनी कागदावरचा सात आकडा बघितला, मग शेवटच्या टेबलाकडे, मग माझ्याकडे. आवाज खाली आणून म्हणाल्या, "ओळखलंस तर परत द्यायचा होता."

"द्यायचा होता. नाही दिला."

"अजूनही दे. मी दुसऱ्या कोणाला देते. ते ‘हो’ लिहून सही करतील. कोणाला काय माहीत?"

तेच तर. कोणालाच माहीत नव्हतं. जगात दोनच माणसांना ते वाक्य पूर्ण माहीत होतं. एकाने कापलं होतं आणि दुसरीने तीन वर्षं गिळलं होतं. मी निबंध परत दिला असता तर एकच्या आत त्यावर सही झाली असती, बाबांना खुर्ची मिळाली असती, आणि मी गोड मुलगी होऊन फाइलीत कायमची बसले असते.

"आणि मी ‘नाही’ ठेवलं तर?"

"तर खरं काय ते तुला लिहावं लागेल. पूर्ण, जसंच्या तसं. कोण बोललं तेही. आणि लेखकाला ते आज एकच्या आत दुरुस्त करावं लागेल. नाहीतर त्यांची परीक्षा पुढच्या वर्षी." त्यांनी घड्याळाकडे बघितलं. बारा वाजून पाच. "पुढच्या वर्षी हा जिना त्यांना चढवेल का, ते तू बघ."

बाई असं बोलतात. मग निघून जातात.

मी लिहिलं. तिन्ही वाक्यं. स्वतःच्या अक्षरात ती जास्तच वाईट दिसत होती. ‘कोण बोललं’ पुढे पेन अडकलं. तिथे मी लिहिलं, ‘मी. त्यांची मुलगी.’ आणि ‘काय सुटलंय’ पुढे लिहिलं, ‘मुलगी कशी आहे ते.’

बाईंनी चिठ्ठी उचलून शेवटच्या टेबलावर नेऊन ठेवली. मी मागे बघितलं नाही. सापळ्याच्या बरगड्या मोजत बसले. मग स्टूल ओढल्याचा आवाज आला. सहा टेबलं पार करून, थांबत थांबत.

बाबा माझ्यासमोर बसले. गुडघा हाताने धरून सरळ केला. चिठ्ठी टेबलावर ठेवली.

"अक्षर सुधारलंय तुझं," ते म्हणाले.

"बाबा."

ते दचकून इकडेतिकडे बघायला लागले. "अगं हळू. वर्गात आपण कोणी नाही ना?"

"आता आहोत. लिहिलंय वर."

शेजारच्या टेबलावरून बेकरीतली थोरली म्हणाली, "आम्हाला पहिल्या रविवारपासून माहितीये. दोघंही पेन कानावर ठेवता आणि दोघांच्याही डब्याला तोच लाल रबर." धाकटी म्हणाली, "गप गं, बोलू दे त्यांना," आणि स्वतः आणखी पुढे सरकून बसली.

मी पेन कानावरून काढून टाकलं.

"तुम्हाला पूर्ण आठवत होतं?" मी विचारलं.

"श्वास कुठे घेतलास तेही."

"मग कापलंत का? लोकांची लिफ्ट रडते तर तुम्ही रडतेच लिहिता. माझंच बरं कापावंसं वाटलं."

बाबांनी पट्टी हातात घेतली. "रजिस्टरात काय लिहायचं ते तुला माहितीये. काय नाही लिहायचं ते माहितीये?"

मी मान हलवली. नाही.

"माणूस लिफ्टमध्ये अडकतो. मी बाहेरून दार ठोठावतो, सांगतो, घाबरू नका, मी आलोय. आणि आतून काय काय येतं. आईवरून, बापावरून. शिकलेली माणसं हं, टाय लावलेली. माझ्या उस्तादांनी पहिल्या दिवशी सांगितलं होतं, अडकलेल्या माणसाचं बोलणं रजिस्टरात चढवायचं नाही. तू दार उघडायचं बघ. बाहेर येऊन तो जे म्हणेल, ते लिही."

"मी काय अडकले नव्हते. मुद्दाम बोलले होते."

"तेही मुद्दामच बोलतात."

"मग सगळंच सोडायचं. मधलं का लिहिलंत?"

"ते..." त्यांनी पट्टी टेबलाच्या कडेला नीट समांतर ठेवली. "ते ठेवून घ्यावंसं वाटलं."

खाली मैदानात कोणीतरी बॉल भिंतीवर मारत होतं. ठक, ठक. बाबांनी निबंधाचं पान उलटलं. मागच्या बाजूला त्यांनी आधीच रेघा मारून ठेवल्या होत्या. रिकाम्या. अक्षरं टांगायची बाकी.

"हे कशाला?" मी विचारलं.

"दार उघडल्यावर तू काय म्हणालीस, ते लिहायचं राहिलंय. तीन वर्षं जागा सोडून बसलोय. आता फाइल एकला बंद होते, म्हणून जरा घाई."

थोरली बेकरीवाली नाक ओढत होती. मी तिच्याकडे असं बघितलं की तिने डोळ्यात पीठ गेल्यासारखं केलं, पिठाचा एक कण नसताना.

माफी मागायची मला सवय नाही. तोंडात शब्दच येत नाहीत, जीभ वळते ती भांडायलाच. मी म्हटलं, "तुम्ही हात जोडलेत ते मला आवडलं नव्हतं. अजून आवडत नाही. हे लिहू नका."

"बरं."

"लिहा." मी खाली बघून सांगायला लागले, कारण वर बघून जमलं नसतं. "लिहा, माझ्या आठवीच्या निबंधात एक वाक्य होतं. ‘लिफ्ट वर जाते तेव्हा मागे तिच्याइतकंच एक वजन खाली उतरत असतं, पण ते कोणी बघत नाही.’ ते वाक्य माझं नव्हतं. पुस्तकातलंही नव्हतं. ते माझ्या बाबांचं होतं. जेवताना म्हणाले होते. मी त्यांचं नाव लिहायला पाहिजे होतं."

पेन चालल्याचा आवाज येईना. मी वर बघितलं. बाबा लिहीत नव्हते.

"माहितीये मला," ते म्हणाले.

"काय माहितीये?"

"मास्तरांनी वाचून दाखवलं तेव्हाच ओळखलं. म्हटलं, अरे, हे तर आपलं."

"मग बोलला का नाहीत तिथे?" माझा आवाज चढला. वॉचमननेही मान वर केली. "सांगायचं ना, माझं आहे म्हणून. मी चोर तरी ठरले नसते."

"वहीत इतकं चांगलं दिसत होतं ते," बाबा म्हणाले. "मास्तर म्हणत होते मोठ्या पुस्तकातलं आहे. त्यांच्यासमोर ग्रीसच्या हाताने, हे मी जेवताना बोललो, असं म्हणायला लाज वाटली. कोणी मानलंही नसतं. मग वाटलं, वाक्य आपलं, तर चूकही आपली. म्हणून हात जोडले."

तीन वर्षं मी त्या जोडलेल्या हातांवर रागावले होते. ते मास्तरांसाठी नव्हतेच.

"लिहा आता," मी म्हटलं. "बारा पस्तीस झाले."

त्यांनी लिहिलं. माझे शब्द, एकही न बदलता, ‘जेवताना म्हणाले होते’ सुद्धा. मी प्रत्येक शब्द उलट्या बाजूने वाचत होते, समोर बसल्याने सगळं उलटं दिसत होतं, तरी. त्याच्यावर त्यांनी एक नोंद घातली: ‘पहिल्या वाक्याच्या मागेपुढे ती आणखी बोलली होती. तेव्हा ती अडकलेली होती, म्हणून नोंदवलं नाही. दार उघडल्यावर ती म्हणाली ते असं.’ कोण बोललं, माझी मुलगी. कोणाला, मला. कधी, आज, शेवटचा रविवार, प्रयोगशाळेत, सापळ्याशेजारी.

आणि थांबले.

"पुढे?" मी म्हटलं. "पाहुणा दारात उभा आहे."

"काय लिहू याच्यावर?"

"मला काय विचारता? मी तपासनीस आहे."

त्यांनी पट्टी घेतली, आणखी एक रेघ मारली, आणि तिच्याखाली हळूहळू लिहिलं, ‘या वाक्यावर मला काही म्हणायचं नाही. ते येऊन बसलंय. बसू दे.’

हे विश्लेषण नव्हतं. दुसऱ्या कोणाचं असतं तर मी गोल काढला असता. बाई येऊन उभ्या राहिल्या, मागचं पान वाचलं, पुन्हा वाचलं, आणि मला म्हणाल्या, "काय तपासनीस? चालेल?"

मी दुसऱ्या प्रश्नापुढचं ‘नाही’ खोडायला गेले, तर बाबांनी हात धरला. "खाडाखोड नको. खाली नवीन नोंद कर."

मी खाली लिहिलं, ‘हो.’ सही केली. बाईंनी निबंध फाइलीत लावला, दोरा ओढून गाठ मारली. एकला दहा कमी होते.

जिन्याशी बाबा सवयीने थांबले. मी पाच मिनिटं आधी निघते ना, म्हणून.

"चला," मी म्हटलं.

"तू हो पुढे. मला वेळ लागतो."

"माहितीये. हात द्या."

त्यांनी खांद्यावर हात ठेवला. वाटला त्यापेक्षा जड होता. आम्ही एकेक पायरी उतरायला लागलो. दुसऱ्या मजल्यावर ते म्हणाले, "तुझा निबंध कोणाकडे गेला होता तपासायला?"

"ड्रायव्हरकाकांकडे."

"कोणाचं वाक्य घेतलंस?"

"तुम्ही पायरीकडे बघा," मी म्हटलं.